सोनोग्राफी करताना डॉक्टर गप्प का असतात?

"डॉक्टर, सोनोग्राफी करताना तुम्ही एकदम गप्प का होता?"

हा प्रश्न विचारायला धीर लागतो. बहुतेकदा तो आत टेबलावर विचारलाच जात नाही. बाहेर आल्यावर, रिपोर्टची वाट बघताना, नवरा चाचरत विचारतो. आत झोपलेल्या ताईंनी तो मनातल्या मनात दहा वेळा विचारलेला असतो. पोटावर गार जेली, खोलीत अंधार, डॉक्टरांची नजर पडद्यावर आणि तोंडातून शब्द नाही. अशी दहा मिनिटं गेली की कुणालाही वाटणारच, काहीतरी बिनसलंय. मग कसंबसं ओठांवर येतं, "बाळ बरं शे ना?" आणि डॉक्टर म्हणतात, "हं."

त्या "हं"चा अर्थ लावत तुम्ही पुरुषोत्तमनगरला किंवा आसपासच्या तुमच्या गावी परत जाता. सासूबाई विचारतात, काय सांगितलं? काहीच नाही सांगितलं. मग रात्री रिपोर्टमधला एकेक इंग्रजी शब्द मोबाईलवर टाकून शोध सुरू होतो आणि उरलीसुरली झोप उडते.

आजचा लेख या शांततेबद्दल आहे. या शांततेला इतिहास आहे, आणि त्यातला मोठा भाग आपल्या महाराष्ट्रातच घडलेला आहे. तो माहीत असला तर गप्प डॉक्टरांना काय विचारायचं आणि काय विचारायचं नाही, हे तुम्हाला नीट कळेल. म्हणून आज औषधं आणि आहार बाजूला ठेवून थोडं मागे जाऊ.

बॉयलरपासून बाळापर्यंत

पुरुषोत्तमनगर म्हटलं की सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखाना डोळ्यांसमोर येतो. साखर कारखान्यात काम केलेल्या माणसाला बॉयलर काही नवा नाही. गाळप हंगाम संपला की बॉयलरच्या नळ्या तपासाव्या लागतात. कुठे पत्रा पातळ झालाय, कुठे आत भेग आहे, हे नळी न कापता कळावं म्हणून एक छोटं यंत्र धातूला टेकवतात. माणसाच्या कानाला ऐकू येणार नाही अशा आवाजाची लाट ते आत सोडतं आणि परत येणारा प्रतिध्वनी मोजतं. तुमच्या पोटावर फिरणारा प्रोब हा या यंत्राचा सख्खा नातेवाईक. समजावून सांगण्यासाठी दिलेली ही उपमा नव्हे, दोघांचं घराणं खरोखरच एक आहे.

स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात इयान डोनाल्ड नावाचे प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक होते. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रिटिश हवाई दलात डॉक्टर होते, त्यामुळे रडार आणि सोनार या प्रकारांची त्यांना ओळख झालेली होती. जुलै १९५५ मध्ये ते ग्लासगोजवळ रेनफ्रू इथे बॅबकॉक अँड विल्कॉक्स या बॉयलर बनवणाऱ्या कंपनीच्या कारखान्यात गेले. बरोबर गाडीतून काय नेलं होतं? ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठी! काही गर्भाशयातल्या भरीव गाठी, काही अंडाशयातल्या पाण्याच्या. तुलना करायला म्हणून कारखान्याने मांसाचा एक मोठा तुकडा आणून ठेवला होता. बॉयलरमधली भेग शोधायचं यंत्र या सगळ्यावर लावून पाहिलं. भरीव गाठीचा प्रतिध्वनी वेगळा आला, पाण्याच्या गाठीचा वेगळा. त्या दिवशी ते परत निघाले असतील तेव्हा गाडीत वास काय येत असेल, हा विचार माझ्या मनात दरवेळी येतो.

पुढे टॉम ब्राउन हा तरुण इंजिनिअर आणि जॉन मॅकव्हिकर हे डॉक्टर त्यांच्या जोडीला आले. ७ जून १९५८ रोजी या तिघांचा लेख 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आला. सोनोग्राफीचा जन्मदाखला म्हणून त्याच्याकडे बोट दाखवता येईल. त्यांच्या सुरुवातीच्या पेशंटमधली एक बाई पोट फुगून आलेली होती. तिला जठराचा कॅन्सर आहे, आता करण्यासारखं काही नाही, असं ठरलं होतं. नव्या यंत्रात दिसलं की पोटात आहे ती अंडाशयाची पाण्याची गाठ. गाठ काढली, बाई बरी झाली. म्हणजे ज्या यंत्राच्या नावाने आज तुमच्या पोटात गोळा येतो, त्याच्या पहिल्या गाजलेल्या पेशंटच्या घरातली भीती त्याने घालवली होती.

आता दुसरी भीती बघा. "जास्त वेळा सोनोग्राफी केली तर बाळाला किरणं लागतात का हो?" हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा तरी ऐकू येतो. विचारणाऱ्याला वेड्यात काढायचं कारण नाही, कारण ही भीती खऱ्या गोष्टीतून आलेली आहे. सोनोग्राफी येण्याआधी पोटातलं बाळ कसं आहे, आईचं कटिर पुरेसं रुंद आहे का, हे बघायला सर्रास एक्स-रे काढत. ब्रिटनमधल्या डॉक्टर ॲलिस स्ट्यूअर्ट यांनी कॅन्सरने दगावलेल्या मुलांच्या आयांना गाठून गरोदरपणाबद्दल विचारलं. पोटात असताना एक्स-रे झालेल्या मुलांमध्ये कॅन्सरचं प्रमाण जवळजवळ दुप्पट दिसलं. त्यांचा सविस्तर अहवाल 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला तो जून १९५८ मध्येच. म्हणजे त्याच महिन्यात एका नियतकालिकात एक्स-रेवर बोट ठेवलं गेलं आणि दुसऱ्यात एक्स-रेला पर्याय आला. स्ट्यूअर्टबाईंचं म्हणणं मान्य करायला डॉक्टर मंडळींनी पुढे बरीच वर्षं घालवली, पण ते मान्य झालं.

सोनोग्राफीत किरणं नसतात. आवाज असतो, आणि तो बाळाच्या कानालाही त्रास देईल असा नसतो. गेल्या साठ-पासष्ट वर्षांत जगभर कोट्यवधी बाळांची तपासणी झाली. योग्य कारणासाठी, योग्य पद्धतीने केलेल्या सोनोग्राफीने बाळाला इजा होते असं दिसून आलेलं नाही. उगाच मात्र करू नये. 'बाळाचा चेहरा बघायचाय' हे वैद्यकीय कारण नाही.

वाट बघण्याची जागा बदलली

सुरुवातीची यंत्रं बाळाचं डोकं मोजण्यापुरती होती. १९७० च्या आसपास चित्र भराभर स्पष्ट होत गेलं. १९७३ साली ग्लासगोचेच ह्यू रॉबिन्सन यांनी डोक्यापासून ढुंगणापर्यंत बाळाची लांबी मोजून दिवस ठरवायची रीत दिली. आजही पहिल्या तीन महिन्यांत तुमची तारीख त्याच मापाने ठरते. पाळीची तारीख नक्की आठवत नसलेल्या बाईसाठी हे वरदानच आहे. पण इतिहासाला वळण लागलं ते त्याच्या एक वर्ष आधी. १९७२ साली स्टुअर्ट कॅम्पबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सतराव्या आठवड्यात एका बाळाला कवटीच तयार झालेली नाही, हे सोनोग्राफीत ओळखलं. असं बाळ जन्मानंतर जगत नाही. त्या बाईचा गर्भपात करण्यात आला.

आपल्या आज्या-पणज्या बाळंतपणाच्या क्षणापर्यंत काळजी करत. बाळ रडलं, हातपाय धड दिसले की काळजी संपली. १९७२ नंतर ही वाट बघण्याची जागा हळूहळू नवव्या महिन्यातून पाचव्या महिन्यात आली. मग १९९२ साली लंडनमध्ये किप्रोस निकोलाइड्स आणि सहकाऱ्यांनी बाळाच्या मानेमागच्या पाण्याची जाडी मोजून डाउन सिंड्रोमची शक्यता सांगता येते असं दाखवलं, आणि ती जागा तिसऱ्या महिन्यात आली. तुमच्या कार्डावर एन.टी. स्कॅन लिहिलेलं असतं ते हेच. काळजी नवी निर्माण झाली असं नाही. ती आधी आली, आणि तिच्याबरोबर 'आता काय करायचं?' हा प्रश्नही आला, जो पणजीला कधी पडलाच नव्हता.

इथपर्यंतची गोष्ट जगभर सारखी आहे. इथून पुढची आपली आहे.

एक वाक्य न बोलण्याचा कायदा

भारतात पोटातल्या बाळाचं लिंग बघायला सुरुवात झाली ती सोनोग्राफीने नव्हे, सुईने. गर्भाभोवतीचं पाणी सुईने काढून तपासायचं. ही तपासणी आली होती जन्मजात आजार शोधण्यासाठी. सत्तरच्या दशकातच तिचा उपयोग मुलगी नको म्हणून होऊ लागला, तेव्हा सरकारने सरकारी दवाखान्यांत त्याला मनाई केली. मग धंदा खासगीत गेला. 'आता ५०० रुपये खर्च करा, पुढचे ५०,००० वाचवा' अशा अर्थाच्या जाहिराती उघडपणे लागत. पुढचे पन्नास हजार म्हणजे काय, हे सांगायची गरज नव्हती. हुंडा घेणाऱ्या आणि देणाऱ्या दोघांनाही ते कळत होतं.

महाराष्ट्र सरकारसाठी डॉक्टर संजीव कुलकर्णी यांनी १९८६ साली मुंबईतल्या ५० स्त्रीरोगतज्ज्ञांची पाहणी केली. त्यातले ४२ जण लिंग सांगण्यासाठी ही तपासणी करत असल्याचं त्यांना आढळलं. पन्नासातले बेचाळीस! अडाणी खेड्यातले नव्हेत, मुंबईतले शिकलेसवरलेले डॉक्टर. माझ्या व्यवसायाच्या इतिहासातलं हे पान मी नवीन डॉक्टरांना मुद्दाम वाचायला सांगते.

याविरुद्ध मुंबईतल्या स्त्री संघटना, काही डॉक्टर आणि कार्यकर्ते एकत्र आले आणि लिंगनिदानविरोधी मंच उभा राहिला. त्यांच्या रेट्यामुळे १९८८ साली महाराष्ट्राने गर्भलिंग निदानावर बंदी घालणारा कायदा केला. असा कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. त्याच धर्तीवर १९९४ साली संसदेने देशासाठी कायदा केला, तो १ जानेवारी १९९६ पासून लागू झाला.

पण तोवर सोनोग्राफीची यंत्रं स्वस्त झाली होती, छोटी झाली होती, गाडीत घालून गावोगाव नेता येऊ लागली होती. सुई नको, पाणी काढायला नको, वेदना नाही. कायद्याची नजर मात्र अजून सुईवरच होती. परिणाम जनगणनेत दिसला. महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे १९९१ साली ९४६ मुली होत्या. २००१ साली ९१३ झाल्या. २०११ साली ८९४. त्या वर्षी बीड जिल्ह्यात हा आकडा ८०७ होता. बीड लांब आहे म्हणून निश्चिंत होऊ नका. आपल्या खानदेशातल्या जळगावचा आकडा ८४२ होता.

आपला नंदुरबार ९४४ वर होता. राज्याच्या सरासरीपेक्षा बराच वर. याचं श्रेय आम्ही डॉक्टरांनी घेऊ नये. सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा समाजात वराकडून मुलीच्या घरच्यांना देज द्यायची रीत आहे. देजचे आपले वेगळे प्रश्न आहेत, पण मुलगी म्हणजे खर्चाचा खड्डा हा हिशेब तिथे मुळातच बसत नाही. डोंगरातून आलेली बाई सोनोग्राफीच्या टेबलावर झोपते तेव्हा तिच्या मनात बाळ जिवंत आहे ना, रस्ता बंद होण्याआधी घरी पोचू ना, हे असतं. मुलगा की मुलगी हे कुतूहल असेल, दहशत नसते. सपाटीवरच्या एखाद्या सुनेची, जिला पहिल्या दोन मुली आहेत, भीती मात्र निराळी असते. तिला पडद्यावरच्या बाळाची भीती वाटत नाही, बाहेर बाकावर बसलेल्या माणसांची वाटते. दोघी एकाच टेबलावर, एकाच बोर्डाखाली झोपतात.

२००० साली मुंबईची 'सेहत', पुण्याची 'मासूम' या संस्था आणि डॉक्टर साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले. कायदा आहे, पण अंमलबजावणी नाही, हे त्यांचं म्हणणं. न्यायालयाने राज्यांना धारेवर धरलं, यंत्रं बनवणाऱ्या कंपन्यांना ती कुणाकुणाला विकली याच्या याद्या द्यायला लावल्या. फेब्रुवारी २००३ मध्ये दुरुस्त कायदा लागू झाला आणि सोनोग्राफीचं प्रत्येक यंत्र त्याच्या कक्षेत आलं. तुम्ही फॉर्मवर सही किंवा अंगठा देता, 'मला बाळाचं लिंग जाणून घ्यायचं नाही' असं लिहून देता, तो फॉर्म 'एफ' या कायद्यातला. भिंतीवरचा बोर्डही त्यातलाच. बाळाचं लिंग शब्दांनी, खुणांनी किंवा आणखी कुठल्याही प्रकारे सांगायचं नाही, अशी त्यात तरतूद आहे. 'खुणांनी' हा शब्द उगाच आलेला नाही. पेढा की बर्फी, एवढं विचारलं की महाराष्ट्रात सगळ्यांना सगळं कळतं! पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद. दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. ज्या बाईवर जबरदस्ती झाली तिला हा कायदा गुन्हेगार धरत नाही, आणि तिला नवऱ्याने किंवा नातेवाइकांनीच भाग पाडलं असं आधी गृहीत धरतो. म्हणून तुमच्याकडून सही घेतली, ओळखपत्र मागितलं, म्हणजे तुमच्यावर संशय आहे असं समजू नका.

पुढे कोल्हापुरात जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांच्या काळात सोनोग्राफी यंत्रांना 'सायलेंट ऑब्झर्व्हर' नावाचं, काय तपासलं त्याची नोंद ठेवणारं उपकरण बसवलं गेलं. रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेने त्याला आव्हान दिलं, पण २०११ साली मुंबई उच्च न्यायालयाने ते उपकरण योग्य ठरवलं. (देशमुख हे मराठी लेखकही आहेत. याच विषयावर त्यांचा 'सावित्रीच्या गर्भात मारलेल्या लेकी' हा कथासंग्रह आहे.) २०१२ साली परळीचं प्रकरण गाजलं, २०१७ साली सांगली जिल्ह्यातलं म्हैसाळ. प्रत्येक प्रकरणानंतर तपासण्या कडक झाल्या, दप्तर तपासायला अधिकारी आले, आणि सोनोग्राफी करणारे डॉक्टर आणखी थोडे गप्प झाले.

माझं मत स्पष्ट सांगते. हा कायदा हवाच होता आणि आजही हवा आहे. पण त्याची एक सावली प्रामाणिक डॉक्टरांवर आणि तुमच्यावर पडली, ती कुणी फारशी मोजली नाही. एक वाक्य बोलायचं नाही, हे पाळता पाळता आम्ही सगळीच वाक्यं गिळायला शिकलो. पडदा तुमच्याकडून फिरवून ठेवला. नवऱ्याला बाहेर बसवलं. मोबाईल बंद करायला लावला. "सगळं रिपोर्टमध्ये लिहिलंय" म्हणून विषय संपवला. कायद्याने बंद केला आहे तो एकच दरवाजा. बाळाचे ठोके, वाढ, मेंदू, पाठीचा कणा, हृदयाचे कप्पे, किडन्या, हातपाय, वार कुठे आहे, पाणी किती आहे, हे सगळं विचारायला तुम्हाला पूर्ण मोकळीक आहे, आणि सांगायला डॉक्टरांनाही. कुणी "कायद्यामुळे सांगता येत नाही" असं बाळाच्या तब्येतीबद्दल म्हणालं तर नम्रपणे म्हणा, "साहेब, मुलगा-मुलगी नको, तब्येत सांगा."

आणि आणखी एक, अगदी साधं कारण. पाचव्या महिन्याच्या तपासणीत डॉक्टरांना बाळाचे वीस-पंचवीस अवयव बघून मापं घ्यायची असतात. बाळ पाठ करून झोपलं की थांबावं लागतं, पुन्हा बघावं लागतं, कधी तुम्हाला चालून यायला सांगावं लागतं. त्या वेळचं गप्प राहणं हे टाके मोजणाऱ्या शिंप्याचं गप्प राहणं असतं. सुरू करण्याआधीच सांगून ठेवा, "झाल्यावर मला दोन मिनिटं समजावून सांगाल का?" बहुतेक डॉक्टर सांगतात.

पांढरा ठिपका आणि इतर भुतं

नव्वदच्या दशकापासून यंत्रं इतकी सुधारली की पूर्वी न दिसणाऱ्या बारीकसारीक गोष्टी दिसू लागल्या. दिसलं की लिहावं लागतं. लिहिलं की वाचलं जातं, आणि वाचलं की रात्र खराब होते. हृदयात पांढरा ठिपका, मेंदूत पाण्याचा छोटा फुगा, असे शब्द रिपोर्टमध्ये आले म्हणजे बाळात दोष आहे असं नव्हे. हृदयातला ठिपका आशियाई बाळांमध्ये तर जास्तच दिसतो. मेंदूतला तो फुगा बहुतेकदा सातव्या महिन्यापर्यंत आपोआप नाहीसा होतो. बाकी तपासण्या चांगल्या असतील आणि ही एकटीच खूण असेल, तर बहुतेक वेळा बाळ ठणठणीत असतं. पाचव्या महिन्यात 'वार खाली आहे' असं आलेल्या दहापैकी नऊ जणींची वार गर्भाशय वाढेल तशी वर सरकते. मानेभोवती नाळेचा वेढा तर पाचातल्या एखाद्या बाळाला जन्मताना असतोच, आणि त्यातली बहुसंख्य बाळं सुखरूप येतात.

उलट बाजूही सांगायला हवी. नॉर्मल रिपोर्ट म्हणजे हमी नव्हे. सोनोग्राफीला रचना दिसते. ऐकू येतं का, बुद्धी कशी असेल, हे दिसत नाही. काही हृदयदोष चांगल्या हातांतूनही निसटतात.

वीस आठवडे

काही घरांत मात्र रिपोर्टमध्ये खरंच मोठा दोष निघतो. इथे कायद्याचा दुसरा धागा येतो. गर्भपाताचा आपला कायदा १९७१ चा. त्यात वीस आठवड्यांची मर्यादा होती. तो झाला तेव्हा भारतात गर्भाची सोनोग्राफी कुणाच्या गावीही नव्हती, त्यामुळे बाळातला दोष कधी दिसू शकेल याचा विचार करून ती मर्यादा घातलेली नव्हती. पुढे गंमत अशी झाली (गंमत म्हणवत नाही) की अवयव नीट दिसायला लागतात अठराव्या ते विसाव्या आठवड्यात, आणि दार बंद व्हायचं विसाव्यात.

२००८ साली मुंबईतल्या एका जोडप्याला चोविसाव्या आठवड्यात कळलं की बाळाच्या हृदयाच्या ठोक्यांच्या यंत्रणेत गंभीर दोष आहे. त्यांचे डॉक्टर निखिल दातार आणि ते जोडपं मिळून मुंबई उच्च न्यायालयात गेले. ऑगस्ट २००८ मध्ये न्यायालयाने परवानगी नाकारली. काही दिवसांतच त्या बाईंचा गर्भ आपोआप पडला. त्या आठवड्यांत वर्तमानपत्रांतून, टीव्हीवरून सगळा देश त्या घरात डोकावून मतं देत होता. कुणी त्यांना क्रूर म्हटलं, कुणी धीट. एका घरातली सोनोग्राफीनंतरची रात्र इतक्या उजेडात यापूर्वी कधी आली नव्हती.

कायदा बदलायला त्यानंतर तेरा वर्षं लागली. मधल्या काळात कितीतरी जोडपी एकेकट्याने कोर्टाच्या पायऱ्या चढली. २०२१ च्या दुरुस्तीने काही गटांतल्या स्त्रियांसाठी मर्यादा चोविसाव्या आठवड्यापर्यंत नेली. बाळात गंभीर दोष असल्याचं वैद्यकीय मंडळाने ठरवलं, तर त्यापुढेही परवानगी मिळू शकते. सप्टेंबर २०२१ पासून हे लागू आहे. म्हणून विसाव्या आठवड्यानंतर दोष कळला आणि कुणी "आता काहीच होऊ शकत नाही" असं सांगितलं, तर तिथे थांबू नका. जिल्हा रुग्णालयात चौकशी करा, वैद्यकीय मंडळाबद्दल विचारा. बाळ ठेवायचं असेल तर तोही तुमचाच निर्णय आहे. अशा वेळी मोठ्या रुग्णालयात बाळंतपण ठरवलं तर जन्मल्याबरोबर उपचार मिळू शकतात. दोन्ही वाटांवर सोबत करणं हे आमचं काम आहे.

आता आपल्या भागापुरतं. इथली सगळ्यात मोठी अडचण कायद्याची नाही, कॅलेंडरची आहे. ऊसतोडीला जाणारी कुटुंबं दिवाळीच्या आसपास निघतात. कुणी आपल्याच जिल्ह्यातल्या फडावर, कुणी गुजरातेत बारडोलीकडे, आणि परततात उन्हाळ्यात. पावसाळ्यात दिवस गेलेल्या बाईचे अठरा ते वीस आठवडे नेमके कोप्यावर भरतात. ती परत येते तेव्हा सातवा-आठवा महिना असतो, आणि त्या वेळी दोष दिसला तर हातात फारसं काही उरलेलं नसतं. तुमच्या घरातून, शेजारच्या घरातून किंवा तुमच्या टोळीतून अशी कुणी निघत असेल, तर निघण्याआधी आशाताईंकडून अठरावा आठवडा कुठल्या तारखेला भरतो ते माता-बाल कार्डावर पेनाने लिहून घ्या, आणि ते कार्ड बरोबर न्या. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर स्त्रियांची तपासणी मोफत होते. गुजरातेतही होते. मुकादमाला ती तारीख आधीच सांगून ठेवा, कारण त्या दिवशीचा खाडा तिथे आयत्या वेळी मिळत नाही.